तबकडीवाले जोडतारे आणि त्यांचा वर्णपट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा ओसरला की मुलुंडला आमच्या गच्चीवर दुर्बीण चढते. सोसायटीतली मुलं येतात, त्यांचे आजी-आजोबा येतात, कधी लांबून लोकल पकडून कॉलेजची मंडळी येतात. बहुतेकांना शनीची कडी बघायची असते. ती दाखवून झाली की मी त्यांना लॅपटॉपवरची एक वर-खाली जाणारी रेघ दाखवते. ती असते एखाद्या जोडताऱ्याच्या, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांच्या प्रकाशाची, आणि त्यांतल्या एकाभोवती वायूची तबकडी असल्याचं ती सांगते. मग प्रश्न सुरू होतात. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आलेत की एकदा बसून नीट उत्तरं लिहावीत असं वाटलं. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

ही तर नुसती रेघ आहे. यात तारा कुठे आहे?

तारा दुर्बिणीतूनही ठिपकाच दिसतो. दुर्बीण मोठी घेतली तर ठिपका जास्त तेजस्वी दिसतो, एवढाच फरक. वर्णपट म्हणजे त्या ठिपक्याचा प्रकाश तरंगलांबीनुसार फाकवून ठेवलेला. आलेखात डावीकडे निळा, उजवीकडे लाल, आणि रेघेची उंची म्हणजे त्या रंगाचा प्रकाश किती आला ते. रेघेत खड्डा दिसला तर ती शोषण रेषा, उंचवटा दिसला तर उत्सर्जन रेषा.

रेषेची जागा मूलद्रव्य सांगते. गॅसवर डाळ उतू गेली की निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते, ते तुम्ही पाहिलं असेल. तो रंग डाळीतल्या मिठाच्या सोडियमचा. त्याच्या दोन रेषा ५८९० आणि ५८९६ अँगस्ट्रॉमवर येतात. एका मीटरचे हजार कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. आपल्या स्वयंपाकघरातल्या सोडियमच्या रेषा जिथे येतात, तिथेच हजार प्रकाशवर्षं लांबच्या सोडियमच्याही येतात. १८५९-६० मध्ये किर्चहॉफ आणि बुन्सेन यांनी हे प्रयोगशाळेत पक्कं केलं आणि तारे कशाचे बनलेत हे इथे बसून सांगता येऊ लागलं.

जोडतारे म्हणजे वसिष्ठ-अरुंधती का?

लग्नात दाखवतात ती जोडी खरी सुंदर आहे, पण मी ज्या जोड्यांबद्दल बोलते त्या याहून फार जवळच्या असतात. वसिष्ठावरच थोडं थांबू. साध्या दुर्बिणीतून वसिष्ठाजवळ आणखी एक तारा दिसतो, म्हणजे तो स्वतःच जोडतारा आहे. त्या दोघांतला जो तेजस्वी, त्याच्या वर्णपटातल्या रेषा कधी एकेरी तर कधी दुहेरी दिसतात, असं हार्वर्ड वेधशाळेच्या एडवर्ड पिकरिंग यांनी १८८९ मध्ये जाहीर केलं. एका ठिपक्यात दोन तारे लपलेले होते. ते २०.५ दिवसांत एकमेकांभोवती एक फेरी घेतात. वर्णपटातून सापडलेला हा पहिला जोडतारा, तोही आपल्या आजीने बोट दाखवून ओळख करून दिलेला. त्याच वर्षी हेरमान फोगेल यांनी ययाती तारकासमूहातला अल्गॉल हा ताराही जोडतारा असल्याचं वर्णपटावरूनच दाखवलं.

जवळचे म्हणजे किती जवळचे?

अल्गॉलच्या मुख्य जोडीतलं अंतर सुमारे ९३ लाख किलोमीटर आहे. आपला बुध सूर्यापासून सरासरी ५ कोटी ८० लाख किलोमीटरवर असतो, त्याच्याशी ताडून बघा. ही जोडी २ दिवस २० तास ४९ मिनिटांत एक फेरी पुरी करते. हंस तारकासमूहातल्या एसएस सिग्नी या जोडीला तर जेमतेम ६.६ तास लागतात. मुंबईहून गाडीत बसून रत्नागिरीला उतरेपर्यंत दोन तारे एकमेकांभोवती एक फेरी घालून मोकळे होतात.

मग ही तबकडी येते कुठून?

प्रत्येक ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाची एक हद्द असते. जोडीत ती हद्द थेंबाच्या आकाराची होते आणि दोन थेंबांची टोकं मधल्या एका बिंदूवर टेकतात. या हद्दीला रोश लोब म्हणतात. म्हातारपणी तारा फुगतो. फुगत फुगत त्याने हद्द भरली की त्या मधल्या बिंदूतून त्याचा वायू जोडीदाराकडे ओसंडू लागतो.

हा वायू जोडीदाराच्या अंगावर सरळ पडत नाही. दोन्ही तारे फिरत असल्यामुळे वायूलाही आडवा वेग असतो, म्हणून तो जोडीदाराला चुकवून त्याच्याभोवती वळतो, वळून आपल्याच प्रवाहावर आदळतो आणि हळूहळू त्याचं कडं होतं. कड्याच्या थरांत घर्षण होतं. आतला वायू वेग गमावत आणखी आत सरकतो, बाहेरचा आणखी पसरतो, आणि कड्याची तबकडी होते. जोडीदार श्वेत बटू, न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर असा लहानगा असेल तर तबकडीला ऐसपैस जागा मिळते. अल्गॉलसारख्या जोडीत जोडीदारच मोठा असतो. तिथे प्रवाह त्याच्या अंगावरच आपटतो आणि तबकडी धड बनत नाही.

तबकडीची दुसरी जात याच्या अगदी उलट आहे. तिथे तारा स्वतःभोवती इतका गरगर फिरतो की विषुववृत्ताकडून वायू बाहेर भिरकावला जातो. त्यांना बीई तारे म्हणतात. त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

तबकडी दिसत नाही म्हणता, मग ती आहे हे कशावरून?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. उत्तर जरा सावकाश वाचा.

जत्रेतली दिव्यांनी सजवलेली आडवी चक्री रात्री लांबून बघा. एका बाजूचे दिवे आपल्याकडे येत असतात, दुसऱ्या बाजूचे आपल्यापासून लांब जात असतात, समोरचे आणि मागचे नुसते आडवे सरकतात. तबकडीतल्या वायूचं तसंच आहे. आपल्याकडे येणाऱ्या वायूचा प्रकाश डॉप्लर परिणामामुळे निळ्याकडे सरकतो, लांब जाणाऱ्याचा लालकडे. स्टेशनात न थांबणाऱ्या जलद गाडीचा भोंगा समोरून पुढे गेल्यावर उतरतो, तोच हा नियम. म्हणून हायड्रोजनची ६५६३ अँगस्ट्रॉमची लाल रेषा, जिला एच-अल्फा म्हणतात, ती एका टोकदार उंचवट्याऐवजी दोन शिंगांची दिसते. एक शिंग निळ्या बाजूला, एक लाल बाजूला, मध्ये खळगी.

ही दोन शिंगं बरंच काही सांगतात. तबकडीत आतला वायू वेगात फिरतो आणि बाहेरचा संथ, जसे सूर्याजवळचे ग्रह भरभर फिरतात आणि लांबचे रमतगमत. बाहेरच्या कड्याचं क्षेत्रफळ मोठं, त्यामुळे शिंगं मुख्यतः तिथल्या वायूची असतात. शिंगांमधल्या अंतरावरून बाहेरच्या काठाचा वेग कळतो. रेषेचे दोन्हीकडे पसरलेले पदर आतल्या वेगवान वायूचे. श्वेत बटूभोवतीच्या तबकडीत बाहेरचा वायू सेकंदाला ५००-६०० किलोमीटर वेगाने फिरतो, तर आतला काही हजार किलोमीटरने. तबकडी वरून बघितल्यासारखी दिसत असेल तर शिंगं जवळ येतात, कधी एकच होऊन जातात. कडेने दिसत असेल तर ती लांब जातात. म्हणजे तबकडी आपल्या दृष्टीला किती कललेली आहे याचाही अंदाज रेषेच्या आकारातून येतो.

याची साक्ष मिळाली ती ग्रहणातून. आरडब्ल्यू टॉरी या जोडीत मंद तारा तेजस्वी ताऱ्याला झाकत असताना आल्फ्रेड जॉय यांनी वर्णपट घेतले आणि १९४२ मध्ये प्रसिद्ध केले. ग्रहण लागताना उत्सर्जन रेषा लाल बाजूला सरकलेली दिसली, सुटताना जांभळ्या बाजूला. झाकणारा तारा कड्याची आपल्याकडे येणारी बाजू आधी झाकतो, तेव्हा लांब जाणारी उरते. सुटताना उलटं होतं. तेजस्वी ताऱ्याभोवती फिरतं कडं आहे, तेही कक्षेच्याच दिशेने फिरणारं, हे मान्य केल्याशिवाय याची संगती लागत नाही. कड्याचं चित्र कोणीही काढलेलं नव्हतं. एक रेष कुठल्या क्षणी कुठल्या बाजूला दिसली, एवढ्यावरून ते सिद्ध झालं.

पुढे टॉम मार्श आणि कीथ हॉर्न यांनी १९८८ मध्ये डॉप्लर टोमोग्राफीची पद्धत मांडली. जोडी फिरते तसतशी ती आपल्याला वेगवेगळ्या बाजूंनी दिसते. फेरीभर घेतलेले वर्णपट एकत्र करून तबकडीचा वेगांचा नकाशा बनवायचा, दवाखान्यातल्या सीटी स्कॅनसारखा. प्रवाह तबकडीवर आदळतो तो तापलेला ठिपकाही त्यात वेगळा उमटतो.

सरकणं मोजतात कसं? आकडा सांगा ना.

सेकंदाला १०० किलोमीटर वेग असेल तर एच-अल्फा रेषा सुमारे २.२ अँगस्ट्रॉमने सरकते. पृथ्वी स्वतः सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने फिरते, म्हणजे नुसत्या आपल्या फिरण्याने रेषा सुमारे ०.६६ अँगस्ट्रॉमपर्यंत हलू शकते. ती वजा केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

वेगावरून ताऱ्याचं वजन कसं कळतं?

आवर्तकाल, म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ, आणि वेग मिळाला की जोडीदाराच्या वस्तुमानाची खालची मर्यादा काढता येते. नक्की आकड्यासाठी कक्षेचा कल लागतो, कारण आपल्याला वेगाचा आपल्या दिशेचा भागच दिसतो. ग्रहणं लागत असतील तर कल कळतो, म्हणून ग्रहणांच्या जोड्या मोलाच्या.

अल्गॉलचं कोडं काय होतं?

जड तारा इंधन भराभर जाळतो आणि लवकर म्हातारा होतो, हा नियम. अल्गॉलमध्ये जड तारा, सुमारे ३.२ सौर वस्तुमानाचा, अजून ऐन तारुण्यात आहे आणि ०.७ सौर वस्तुमानाचा हलका तारा फुगून म्हातारा झालेला आहे. दोघं जन्मले एकाच वेळी. मग हलका आधी म्हातारा कसा झाला?

१९५५ मध्ये जॉन क्रॉफर्ड यांनी याचं उत्तर सुचवलं. आजचा हलका तारा मुळात थोरला होता. तो फुगला, हद्द भरली आणि त्याने आपली बहुतेक इस्टेट धाकट्याच्या नावावर केली. धाकटा गब्बर झाला, थोरला वाळत गेला. वस्तुमान असं हात बदलतं हे एकदा कळल्यावर जोडताऱ्यांबद्दलचं सगळं चित्रच बदललं.

तुमचा आवडता तारा कोणता?

शेलियाक, म्हणजे बीटा लायरी. स्वरमंडल तारकासमूहात अभिजितच्या खाली एक छोटा समांतरभुज चौकोन दिसतो, त्याच्या एका कोपऱ्यात हा बसलेला आहे. मुलुंडहूनही नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तेज ३.३ ते ४.३ प्रतीच्या (प्रतीचा आकडा मोठा तितका तारा मंद) दरम्यान बदलतं आणि सुमारे १२.९४ दिवसांत चक्र पुरं होतं. बदल जॉन गुडरिक यांनी १७८४ मध्ये टिपले. १८६६ मध्ये अँजेलो सेक्की यांना याच्या वर्णपटात उत्सर्जन रेषा दिसल्या.

आत काय चाललंय ते थोडक्यात सांगते. सुमारे ३ सौर वस्तुमानाचा तारा आपला वायू सुमारे १३ सौर वस्तुमानाच्या जोडीदारावर ओततो आहे. ओघ इतका प्रचंड आहे की जोडीदाराभोवती जाडजूड तबकडी जमली आणि तिने जोडीदाराला झाकूनच टाकलं. म्हणून जड तारा आपल्याला थेट दिसतच नाही. वर्षानुवर्षं हा लपलेला जड तारा कोण, यावर वाद झाले. १९६३ मध्ये सु-शू हुआंग यांनी तबकडीची कल्पना मांडली तेव्हा गाठी सुटू लागल्या.

हलक्याकडून जडाकडे वस्तुमान गेलं की कक्षा रुंदावते आणि फेरीला वेळ जास्त लागतो. शेलियाकचा आवर्तकाल दरवर्षी सुमारे १९ सेकंदांनी वाढतो आहे. गुडरिक यांच्या काळापासून हिशेब केला तर सव्वा तासाच्या वर जातो. एका माणसाच्या हयातीत मोजता येण्याइतका बदल ताऱ्याच्या आयुष्यात घडतो आहे, हे मला आजही थरारक वाटतं.

आता गच्चीवर काय दिसतं ते सांगते. वायू देणाऱ्या ताऱ्याची सिलिकॉनची एक रेषा ६३४७ अँगस्ट्रॉमवर असते, बारीक आणि स्वच्छ. हा तारा कक्षेत सेकंदाला सुमारे १८५ किलोमीटर वेगाने आपल्याकडे येतो आणि तेवढ्याच वेगाने लांब जातो. त्यामुळे ही रेषा साडेसहा दिवसांत इकडून तिकडे जवळजवळ ८ अँगस्ट्रॉम सरकते. पहिल्या वर्षी ऑक्टोबरात मी सात रात्रींचे वर्णपट एकाखाली एक लावले. एच-अल्फाचा उंचवटा जागच्या जागी आकार बदलत होता आणि सिलिकॉनची खाच मात्र पायरी-पायरीने डावीकडून उजवीकडे निघाली होती. आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "अगं, हे तर चालतंय!" त्या खाचेकडे बघून याहून नेमकं काही मला सुचलं नसतं.

आवर्तकाल जवळजवळ १३ दिवसांचा असल्याने एक सोय होते. आज चुकलेली अवस्था १३ दिवसांनी त्याच वेळी बघितली तर जवळपास तशीच सापडते.

अनुराधेत काही घडलं होतं म्हणे?

हो. अनुराधा नक्षत्रातला मधला तारा, डेल्टा स्कॉर्पी, इतकी वर्षं शांत होता. २००० सालच्या मध्यात तो उजळू लागला आणि त्याच्या वर्णपटात एच-अल्फाचं उत्सर्जन बळावलं. ताऱ्याने भोवती तबकडी जमवली होती. याचा जोडीदार सुमारे १०.८ वर्षांनी एकदा अगदी जवळून जातो, कारण कक्षा फार लंबगोल आहे. २००० मध्ये तो जवळ आला होता, पुन्हा २०११ च्या जुलैत, मग २०२२ मध्ये. जवळून जाणारा जोडीदार तबकडीला किती ढवळतो, हे जगभरच्या हौशी निरीक्षकांनी रात्रीमागून रात्री वर्णपट घेऊन टिपलं.

हा बीई तारा. वर्णपटीय वर्ग बी, आणि ई म्हणजे उत्सर्जन रेषा असलेला. शर्मिष्ठेचा मधला तारा गॅमा कॅसिओपिया हा या जातीचा पहिला ओळखला गेलेला, तोही १८६६ मध्ये सेक्की यांनीच ओळखला. त्याचा जोडीदार २०३ दिवसांत फेरी घालतो. वृषभाच्या शिंगाच्या टोकावरचा झीटा टॉरी १३३ दिवसांच्या जोडीत आहे. त्याच्या दोन शिंगांची उंची वर्षानुवर्षं खाली-वर होत असते. कधी निळं शिंग उंच, कधी लाल, आणि एक चक्र सुमारे ४ वर्षांचं. तबकडीच्या एका बाजूला वायूची दाट लाट असते आणि ती सावकाश फिरत राहते, म्हणून असं होतं.

ययातीमधला फाय पर्सी तर आणखी बोलका आहे. त्याचा जोडीदार म्हणजे सालं सोललेल्या ताऱ्याचा उरलेला तप्त गाभा. त्या जोडीदारानेच पूर्वी वायू देऊन याला गरगर फिरवलं. अल्गॉलची गोष्ट इथे पुढच्या अंकात दिसते.

हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला ना? त्याचा याच्याशी काय संबंध?

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण आपल्या देशातून दिसलं. विजयदुर्ग किल्ल्यात त्याची आठवण म्हणून 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि त्या तारखेला हेलियम दिन साजरा होतो. मी दोनदा गेले आहे, मुलांना घेऊन जाण्यासारखी जागा आहे. पण नोंद नीट असावी म्हणून सांगते : त्या ग्रहणात फ्रेंच खगोलज्ञ झान्सेन यांनी निरीक्षणं केली ती गुंटूरहून. इंग्रज खगोलज्ञ लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ ला ग्रहण नसताना सूर्याच्या कडेची पिवळी रेषा पाहिली. ती सोडियमच्या जागेवर बसत नव्हती, म्हणून नवं मूलद्रव्य. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झी यांच्या प्रयोगशाळेत.

ती पिवळी रेषा ५८७६ अँगस्ट्रॉमची. शेलियाकच्या वर्णपटात तीच रेषा उत्सर्जनात उभी असते. कोकणातल्या किल्ल्यावर जिची आठवण काढतात ती रेषा मुलुंडच्या गच्चीवर लॅपटॉपमध्ये दिसते, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

मुंबईच्या आकाशातून हे शक्य आहे?

आहे, आणि हेच मला सगळ्यात ठासून सांगायचं आहे. आकाशगंगेचे फोटो इथून निघणार नाहीत, अंधुक तेजोमेघ दिसणार नाहीत. पण तेजस्वी ताऱ्याच्या वर्णपटाला काळंकुट्ट आकाश लागत नाही. ताऱ्याचा प्रकाश एका अरुंद फटीतून आत जातो. फटीत ताऱ्याच्या वरच्या आणि खालच्या भागात नुसतं आकाश असतं, त्यात शहराचा उजेड किती ते मोजून वजा करता येतं.

एक तक्रार मात्र आहे. जुने पिवळे सोडियमचे दिवे मुख्यतः ठरावीक पट्ट्यांत प्रकाश टाकत, बाकीचा वर्णपट बराच मोकळा राहत असे. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवर पांढरे एलईडी आले तेव्हा चर्चा झाली ती राणीच्या हाराच्या शोभेची. वर्णपट घेणाऱ्याला त्याचा वेगळाच त्रास : एलईडीचा उजेड निळ्यापासून लालपर्यंत सलग पसरतो. लाल टोकाकडे तो कमी असतो, म्हणून एच-अल्फा अजून निभावते. निळ्यातल्या रेषांसाठी मी शहराबाहेर वांगणीकडे जाते.

कोणता तारा कधी बघायचा?

आपला अक्षांश १९ अंश, हे नशीब. उत्तरेचे आणि दक्षिणेचे दोन्हीकडचे तारे मिळतात. झीटा टॉरी डिसेंबर-जानेवारीत जवळजवळ डोक्यावर येतो. गॅमा कॅसिओपिया उत्तरेला सुमारे ४८ अंश चढतो, नोव्हेंबर-डिसेंबरच्या संध्याकाळी. अनुराधा दक्षिणेला तेवढीच चढते, एप्रिल-मेच्या रात्री. शेलियाक ७५ अंशांवर जातो, पण मध्यरात्री डोक्यावर येण्याचा त्याचा काळ नेमका जुलै, म्हणजे आपला पाऊस. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पहाटे उठायचं, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवेलागणीनंतर लगेच.

दमट हवेने काही बिघडतं का?

दव पडतं, आरशावर खारट थर बसतो, हे झालंच. पण आर्द्रता वर्णपटातही दिसते. हवेतल्या वाफेच्या बारीक शोषण रेषांची एक रांगच एच-अल्फाच्या दोन्ही बाजूंना आहे. मेमध्ये त्या इतक्या खोल जातात की नवशिक्याला ताऱ्याच्याच वाटतात.

याच रेषांनी मला एकदा वाचवलं. निऑन दिव्याच्या रेषांच्या जागा पक्क्या माहीत असतात, त्यांवरून वर्णपटाची मोजपट्टी बसवायची असते. एका रात्री हे मापन मी फक्त सुरुवातीला घेतलं आणि पुढचे तीन तास घ्यायचं राहून गेलं. सकाळी मोजलं तर झीटा टॉरीची रेषा एकाच रात्रीत सेकंदाला १२ किलोमीटर वेगाइतकी सरकलेली. काहीतरी मोठं सापडलं असं वाटून हात थरथरत होते. मग वाफेच्या रेषांवर नजर गेली. त्याही तेवढ्याच सरकल्या होत्या. वाफ आपल्या हवेतली, ती कुठे जाणार? रात्री गारवा आला तसं उपकरणच किंचित आकसलं होतं. तेव्हापासून दर अर्ध्या तासाला निऑन, आणि प्रत्येक मोजणीआधी वाफेच्या रेषा जागेवर आहेत ना, हे बघणं.

साहित्य काय लागतं? खर्च?

पायऱ्या दोन आहेत आणि त्यांत मोठं अंतर आहे.

पहिली पायरी स्टार अ‍ॅनालायझर १०० नावाची छोटी ग्रेटिंग, म्हणजे प्रकाश रंगांत फाकवणारी रेघांची काच. मिलिमीटरला १०० रेघा असलेली ही काच आयपीसच्या फिल्टरसारखी कॅमेऱ्यापुढे फिरवून बसते. साधी दुर्बीण आणि कॅमेरा असेल तर एवढं पुरतं. तबकडीची शिंगं दिसणार नाहीत, पण गॅमा कॅसिओपियात लाल उंचवटा स्पष्ट दिसतो, आणि दोन ताऱ्यांचे वर्णपट शेजारी ठेवले की कोणाला तबकडी आहे ते शाळकरी मूलही सांगतं.

दुसरी पायरी फटीचा स्पेक्ट्रोग्राफ. मिलिमीटरला २४०० रेघांची ग्रेटिंग लावलेला ल्हिरेस ३ सारखा स्पेक्ट्रोग्राफ एच-अल्फाजवळ ०.४ अँगस्ट्रॉमचा तपशील सुटा करतो, म्हणजे सेकंदाला साधारण १८ किलोमीटर. त्याला ६ ते ८ इंची दुर्बीण, मजबूत माउंट आणि फटीवर तारा धरून ठेवणारा गाइड कॅमेरा लागतो. हा खर्च एकट्याने करण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. उपकरण एकाच्या कपाटात पडून राहण्यापेक्षा चार गच्च्यांवर फिरलेलं बरं.

मोजलेलं जातं कुठे?

बीई ताऱ्यांचे वर्णपट पॅरिस वेधशाळेच्या बेस या संग्रहात जमा करता येतात. तपासणी होते, मगच स्वीकारतात. बदलत्या ताऱ्यांची निरीक्षणं जमवणाऱ्या एएव्हीएसओ या अमेरिकी संस्थेचाही वर्णपटांचा संग्रह आहे. व्यावसायिक संशोधकांना मोठ्या दुर्बिणीवर वर्षाला मोजक्या रात्री मिळतात. झीटा टॉरीचं चार वर्षांचं चक्र सलग धरायचं तर गच्चीवरची माणसंच लागतात.

याचा पत्रिकेशी, राशीभविष्याशी काही संबंध?

नाही.

मुंबईत याचं मोठं संशोधन कुठे चालतं?

कुलाब्याला टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेमध्ये. २८ सप्टेंबर २०१५ रोजी अवकाशात गेलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरची क्ष-किरण उपकरणं बनवण्यात तिथल्या मंडळींचा मोठा वाटा आहे. न्यूट्रॉन तारे आणि कृष्णविवरं यांच्याभोवतीच्या तबकड्या आतल्या बाजूला इतक्या तापतात की त्या क्ष-किरणांत चमकतात. तिथे हायड्रोजनच्या लाल रेषेऐवजी लोहाची ६.४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा बघतात. कृष्णविवराजवळ ती रेषा प्रचंड वेगाने आणि गुरुत्वाकर्षणाने ओढली-ताणली जाते. लडाखमधल्या हानले इथल्या दोन मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीवरचा टीरस्पेक हा अवरक्त स्पेक्ट्रोग्राफही टीआयएफआरनेच, हवाईच्या एका कंपनीच्या सहकार्याने बनवला.

शाळा-कॉलेजच्या मुलांनी मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रातली खगोल ऑलिम्पियाडची तयारी जरूर बघावी. वरळीचं नेहरू तारांगण आणि खगोल मंडळाचे वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम, इथे पहिलं आकाश बघून घ्यावं. तारा कुठे आहे हे माहीत नसताना वर्णपट घेणं अवघड.

हे किती वर्षं करत राहायचं?

सिलिकॉनची खाच चालताना बघायला एक पंधरवडा पुरतो. झीटा टॉरीच्या शिंगांना चार वर्षं. एप्सिलॉन ऑरिगी या ब्रह्महृदयाशेजारच्या ताऱ्याला मोठी काळी तबकडी २७ वर्षांतून एकदा झाकते. मागचं ग्रहण २००९ ते २०११ मध्ये झालं, पुढचं २०३६ मध्ये सुरू व्हायचं आहे. त्याआधी २०३३ च्या आसपास अनुराधेतला जोडीदार पुन्हा जवळ येईल. आमच्या सोसायटीतली एक मुलगी आता सातवीत आहे, निऑनचा दिवा तीच लावते आणि वहीत वेळ तीच लिहिते. तिला मी दोन्ही वर्षं सांगून ठेवली आहेत, तिने ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतली आहेत.